किल्ली मागणारं माणूस: मंडळीत एकमेकांना आधार देणारा छोटा गट कसा बांधावा

माझे पती १९ दिवस रुग्णालयात होते. त्या दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तीस-चाळीस जणांनी मला अगदी मनापासून सांगितलं, "काही लागलं तर सांगा हं." त्यांतल्या एकालाही मी काही सांगितलं नाही. काय लागतंय हे मलाच धड कळत नव्हतं, आणि जे कळत होतं ते सांगायची लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गटातल्या एक ताई आल्या, बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "घराची किल्ली द्या. उद्यापासून मुलांचं सकाळचं आवरून त्यांना शाळेत मी सोडते." मी पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

त्यांना किल्ली मागता आली आणि मला ती देता आली, कारण त्याआधी दोन वर्षं दर गुरुवारी आम्ही एकाच खोलीत बसत होतो. माझ्या धाकट्याला अंधाराची भीती वाटते हे त्यांना ठाऊक होतं. मी मदत मागताना कशी घुटमळते हेही ठाऊक होतं. बाकीचे तीस-चाळीस जण काही कमी प्रेमळ नव्हते. त्यांना माझ्या घरात शिरायची वाट माहीत नव्हती, इतकंच.

संकटाच्या दिवशी लागणारा आधार आधीच्या साध्यासुध्या गुरुवारी बांधून ठेवावा लागतो. तो कसा बांधायचा हे मी गेली काही वर्षं असा गट चालवताना शिकले, आणि त्यातलं बरंचसं चुका करून शिकले. तुमची मंडळी कोणत्याही पंथाची असो, तुम्ही पाळक म्हणा की फादर, यातलं बहुतेक सगळं तुम्हाला वापरता येईल.

आधी शब्द समजून घ्या

संगती, सहभागिता हे शब्द आपण इतके वापरतो की ते गुळगुळीत झाले आहेत. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'कोइनोनिया'. त्याच्याच कुळातला शब्द लूक ५:१० मध्ये येतो, जिथे याकोब आणि योहान हे शिमोनाचे भागीदार होते असं सांगितलंय. मासेमारीतले भागीदार. जाळं माशांनी भरून फाटायला लागलं, तेव्हा शिमोनाच्या होडीतल्यांनी दुसऱ्या होडीतल्यांना खूण केली आणि ते मदतीला आले. पौल तर यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीलाच 'कोइनोनिया' म्हणतो (रोमकरांस १५:२६). म्हणजे या शब्दाला जाळ्याचा आणि पैशाचा वास आहे. उपासनेनंतर दारात चार शब्द बोलणं ही त्याची फार तर सुरुवात.

दुसरी गोष्ट गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली. दुसऱ्या वचनात पौल सांगतो, एकमेकांची ओझी वाहा. पाचव्यात सांगतो, प्रत्येकानं आपापला भार वाहावा. वाचताना गोंधळ होतो. पण मूळ शब्द दोन आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे माणूस वाकून जाईल असं वजन. दुसरा 'फोर्तियोन', म्हणजे ज्याचं त्यानं न्यायचं गाठोडं. गटात बसल्यावर हा फरक वरचेवर करावा लागतो. एखाद्याची नोकरी गेली, घरी पैसा येणं थांबलं, हे ओझं आहे आणि ते सगळ्यांनी उचलायचं. रोज सकाळी उठून नव्या जागी अर्ज करणं हे त्याचं गाठोडं. ते आपण उचललं तर त्याला अपंग करतो, आणि ओझ्यालाच गाठोडं म्हणून हात झटकले तर आपण याकोबाच्या पत्रातल्या त्या माणसासारखे होतो, जो उघड्या-उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो" म्हणतो आणि देत काहीच नाही (२:१५-१६).

पहिली पायरी: पाळकांशी बोला, मग दोघांना विचारा

गट गुपचूप सुरू करू नका. हेतू कितीही चांगला असला तरी मंडळीत पाठीमागे चाललेल्या बैठकीचा अर्थ लोक आपापल्या परीनं लावतात. पाळकांना भेटून साधं सांगा: आम्ही काही जण दर आठवड्याला एकत्र वचन वाचणार, एकमेकांची विचारपूस करणार, प्रार्थना करणार. रविवारच्या उपासनेची जागा हा गट घेणार नाही. काही गंभीर घडलं तर तुम्हाला कळवू.

मग घोषणा करण्याआधी दोन माणसं शोधा. व्यासपीठावरून "ज्यांना यायचं त्यांनी यावं" असं सांगितलं की पहिल्या दिवशी २५ येतात आणि महिन्याभरात चार उरतात. त्यापेक्षा दोघांना प्रत्यक्ष भेटून विचारा. त्या तिघांनी मिळून महिनाभर नुसती प्रार्थना करावी आणि प्रत्येकानं आणखी एका-दोघांची नावं सुचवावीत.

किती जण आणि कोण

सहा ते दहा. बाराच्या वर गेलात की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसला होता तेव्हा त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि शेवटी दहांवर माणसं नेमायला सांगितलं (निर्गम १८). एक माणूस दहा जणांची खबर ठेवू शकतो. शंभरांची ठेवायला गेला तर तोही थकतो आणि लोकही थकतात, हे इथ्रोनं तिथेच सांगून टाकलंय.

इथे एक हकीगत सांगायलाच हवी. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या मंडळीवर सभागृहाचं कर्ज होतं. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही परवडत नाही. त्यावर फॉय म्हणाले, त्यांतले सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्याला जमणार नाही त्याचं मी भरेन. बाकीच्यांनीही तसं पत्करलं. पैसे गोळा करायला घरोघरी जाऊ लागल्यावर त्यांना दिसलं की सभेत नीटनेटके बसणारे लोक घरी कशा अवस्थेत आहेत, कोणाच्या घरी भांडण आहे, कोणाचं पाऊल घसरलंय. कर्जासाठी केलेल्या त्या बारा-बारांच्या वाटणीतूनच मेथडिस्टांचे साप्ताहिक वर्ग उभे राहिले, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या चळवळीचा कणा तेच होते. मला यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते फॉय यांचं "सगळ्यांत गरीब माझ्याकडे द्या" हे वाक्य. गट करताना आपण नेमकं उलटं करतो, आपल्यासारखेच आपल्याभोवती जमवतो.

तेव्हा निवडताना मुद्दाम मिसळा. एक वयस्क, एक नुकतं लग्न झालेलं जोडपं, एक एकटी राहणारी व्यक्ती, एक नव्यानं विश्वासात आलेला. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण नावांची यादी म्हणून उलटून जातो, पण पौल तिथे वीसहून जास्त माणसांना नावानिशी सलाम सांगतो. त्यात बायका आहेत, पुरुष आहेत, नवरा-बायको आहेत, कोणाची आई आहे आणि तिला तो आपलीही आई म्हणतो. पापकबुलीसारख्या अगदी खाजगी बोलण्यासाठी मात्र बायकांनी बायकांत आणि पुरुषांनी पुरुषांत, दोघा-तिघांचा वेगळा मेळ ठेवावा. मिश्र गटात काही गोष्टी कधीच बोलल्या जात नाहीत, आणि बोलल्या जाऊही नयेत.

दुसरी पायरी: पहिल्याच दिवशी एक कागद

पहिल्या बैठकीत एक कागद मोठ्यानं वाचा आणि सगळ्यांची संमती घ्या. आमच्या कागदावर पाच वाक्यं आहेत: इथे बोललेलं इथेच राहील. दुसऱ्याची गोष्ट मी घरच्यांनाही सांगणार नाही. मागितल्याशिवाय सल्ला देणार नाही. यायला जमणार नसेल तर आधी कळवीन. कोणाच्या जिवाला किंवा एखाद्या लहान मुलाला धोका आहे असं दिसलं तर मात्र आम्ही गप्प राहणार नाही.

हे कोरडं वाटतं, मला माहीत आहे. प्रेमाच्या माणसांत कागद कशाला, असं आमच्यातही एकानं विचारलं होतं. १७२७ साली जर्मनीतल्या हर्नहूट गावात वेगवेगळ्या मतांचे आश्रित एकत्र राहत होते आणि आपसांत भांडत होते. त्या वर्षीच्या १३ ऑगस्टला प्रभुभोजनाच्या वेळी त्यांच्यात समेट झाला आणि त्यानंतर सुरू झालेली प्रार्थनेची साखळी शंभराहून जास्त वर्षं चालली, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण त्याआधी तीन महिने, १२ मे रोजी, त्याच लोकांनी एकत्र कसं वागायचं याच्या नियमांना मान्यता दिली होती.

पाचांतली पहिली दोन वाक्यं सगळ्यांत जास्त मोडली जातात आणि ती मोडतात प्रार्थनेच्या नावाखाली. "अमक्या ताईंसाठी प्रार्थना करा हं, त्यांच्या घरी जरा..." हे वाक्य व्हॉट्सअॅपवर पडलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळीला ताईंचं घर कळतं. आमचा नियम असा: प्रार्थनेची विनंती ज्याची त्यानं स्वतः टाकायची, किंवा त्याला वाक्य वाचून दाखवून, त्यानं होकार दिल्यावरच दुसऱ्यानं टाकायची. एकदा मी हा नियम विसरले. एका मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीचा उल्लेख मी गटाबाहेर प्रार्थनेसाठी म्हणून केला. तिला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली, तिनं क्षमाही केली, पण त्यानंतर चार महिने ती गटात बोलली नाही. येत होती, गाणी म्हणत होती, तिच्यावर पाळी आली की "माझं सगळं ठीक" म्हणून पुढच्याकडे बघत होती.

तिसरी पायरी: दीड तास कसा घालवायचा

वार आणि वेळ ठरलेली असावी, जागा शक्यतो एकच. दर वेळी नव्यानं ठरवायला लागलात की गट दोन महिन्यांत विरतो. गोलात बसा. सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत.

पहिली १० मिनिटं येण्या-बसण्याची आणि एका गीताची. मग २० मिनिटं वचन: एकच लहान उतारा, दोनदा वाचायचा, आणि प्रत्येकानं फक्त त्याला भिडलेलं सांगायचं. प्रवचन नको, ते रविवारी असतं. पुढची ४५ मिनिटं एकमेकांची. आठ जण असतील तर प्रत्येकाला पाच मिनिटं, घड्याळ लावून. घड्याळ लावायला संकोच वाटतो, पण त्यानं अबोल माणसाला जागा मिळते आणि बोलक्याला आवर बसतो. एखाद्या दिवशी कोणाचं दुःख ताजं असेल तर बाकीचे आपली मिनिटं त्याला देतात, तसं त्यांनी मोठ्यानं म्हणायचं. शेवटची १५ मिनिटं प्रार्थना. आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या उजवीकडच्या व्यक्तीसाठी तिचं नाव घेऊन, तिनं आज जे सांगितलं त्याविषयी एक-दोन वाक्यांत प्रार्थना करतो. अशी प्रार्थना करायची म्हणजे आधी नीट ऐकावं लागतं. वेळ झाली की थांबा. थांबल्यावर ज्यांना बसायचं ते बसतात, आणि खरं बोलणं पुष्कळदा तेव्हाच, चपला घालताना होतं.

चौथी पायरी: विचारायला आणि ऐकायला शिका

आमच्यात एक काका आहेत. ही गोष्ट मी त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. आठ महिने त्यांचं उत्तर एकच होतं, "सगळं ठीक, प्रभूची कृपा." ते खोटं नव्हतं, प्रभूची कृपा होतीच. एका गुरुवारी ज्यांच्याकडे बैठक होती त्या दादांनी प्रश्न बदलला. "कसे आहात" ऐवजी त्यांनी विचारलं, "या आठवड्यात रात्री झोप कशानं मोडली?" काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छ झाली होती तरी पुसत होते. मग म्हणाले, "मुलगा दीड वर्ष माझ्याशी बोलत नाही." कोणी काही बोललं नाही. दादा उठले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवशी घड्याळ कोणी पाहिलं नाही.

"कसे आहात" या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असतं, म्हणून ठोस प्रश्न विचारा. या आठवड्यात देवापाशी काय मागितलंत? कशाची भीती वाटली? गेल्या गुरुवारी तुम्ही जे बोललात त्याचं पुढे काय झालं? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत ताकदीचा वाटतो. आपलं बोलणं कोणीतरी आठवडाभर जपून ठेवलं, हे कळल्यावर माणूस हळूहळू उघडतो.

ऐकण्याच्या बाबतीत ईयोबाच्या मित्रांकडे पाहा. अलीफज, बिल्दद आणि सोफर यांची आपण निंदाच ऐकतो. पण ते तिघे आपापल्या गावाहून ठरवून आले, त्याला पाहून मोठ्यानं रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कोणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार भारी आहे हे त्यांना दिसत होतं (ईयोब २:११-१३). तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. कारणं सांगायला तोंड उघडलं तेव्हापासून बिघडलं.

म्हणून काही वाक्यं गटात येऊच देऊ नका. "यात देवाची काहीतरी योजना असेल." "तुमचा विश्वास कमी पडला असेल." "निदान दुसरं मूल तरी आहे." "माझ्या मावशीलाही हेच झालं होतं, तिचं तर..." त्यांऐवजी "मी इथे आहे" पुरतं. किंवा "आत्ता प्रार्थना करू, की नुसते बसू या?" एवढं विचारावं आणि उत्तर येईल ते करावं. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असं रोमकरांस १२:१५ सांगतं. त्यांची समजूत घाला असं तिथे लिहिलेलं नाही.

पाचवी पायरी: वही

"काही लागलं तर सांगा" या वाक्यावर उपाय म्हणजे एक साधी वही. डाव्या बाजूला गरज, मध्ये तारीख, उजवीकडे एकच नाव. "आपण सगळे बघू" असं लिहायचं नाही. सगळे बघतात तेव्हा कोणीच जात नाही.

आजारपणात गरज विचारू नका, सुचवा, आणि तीही हो-नाही म्हणता येईल अशी. "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री मी रुग्णालयात थांबतो, चालेल?" "औषधांचा सकाळ-संध्याकाळचा तक्ता मी लिहून भिंतीला लावते." "कपडे घेऊन जाते, परवा आणून देते." थकलेल्या माणसाला "हो" म्हणता येतं. यादी करून काम वाटता येत नाही. आजार लांबणार असेल तर एकानं सगळं अंगावर घेऊ नये. कफर्णहूमात पक्षघाती माणसाला येशूकडे आणणारे चौघे होते (मार्क २:३), आणि छप्पर उघडायला एका खांद्यावर भागलं नसतं.

मृत्यू झालेल्या घरासाठी वहीत वेगळं पान ठेवा. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा तुमची गरज सगळ्यांत कमी. खरा रिकामेपणा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो. म्हणून पानावर तारखाच लिहून टाका: एक महिना, तीन महिने, गेलेल्या माणसाचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ, वर्षश्राद्ध म्हणा की स्मरणदिन. प्रत्येक तारखेपुढे कोण भेटायला जाणार त्याचं नाव. भेटीत गेलेल्याचं नाव मुद्दाम घ्या. लोक दुखवायला नको म्हणून नाव टाळतात, आणि घरच्यांना वाटतं की सगळे विसरले.

जे बैठकीला येऊ शकत नाहीत त्यांची गैरहजेरीही वहीत लिहा. दुसऱ्या शतकाच्या मध्याला हुतात्मा जस्टिननं रोममधल्या रविवारच्या उपासनेचं वर्णन केलंय. त्यात प्रभुभोजन झाल्यावर जे आले नाहीत त्यांच्यासाठी सेवक त्यांचा वाटा घेऊन जात, असं आहे. दोन गुरुवार कोणी आलं नाही तर तिसऱ्याच्या आधी कोणीतरी जाऊन यावं. फोन नव्हे, भेट.

पैशाचं काय

पैशावर लोक बोलत नाहीत आणि नेमका तिथेच गट फुटतो. जस्टिनच्याच वर्णनात पुढे आहे की ज्याला ऐपत आणि इच्छा असेल तो देई, जमा झालेलं अध्यक्षाकडे ठेवलं जाई, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परके यांची काळजी घेतली जाई. २५१ साली रोमचा बिशप कर्नेलियस लिहितो की तिथली मंडळी दीड हजारांहून जास्त विधवा आणि गरजूंना पोसत होती. इतकं मोठं काम हिशेबाशिवाय चालत नाही. पौलानं वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून, आणि तसं लिहूनही ठेवलं (२ करिंथकरांस ८:१९-२१).

गटात निधी ठेवायचा असेल तर दोघांनी मोजायचा, दोघांच्या सह्या, आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर हिशेब. कोणाला किती दिलं हे आकड्यात सांगा, नाव वगळून. द्यायचं तर दान म्हणून द्या. गटात उसनवारी करू नका, हे मी फार आग्रहानं सांगते. पैसे परत करता न आल्यानं लाजेपोटी येणं सोडलेली दोन माणसं मी पाहिली आहेत, आणि ज्यांनी दिले होते त्यांना पैशाचं काहीही वाटत नव्हतं.

वाटपात कोणावर अन्याय झाला अशी कुरकूर आली तर ती दाबू नका. पहिल्या मंडळीतही ती आली होती. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं (प्रेषितांची कृत्ये ६). प्रेषितांनी सात माणसं निवडायला सांगितली, आणि निवडलेल्या सातांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. यावरून मला असं वाटतं की ज्यांची तक्रार होती त्यांच्याच लोकांच्या हाती वाटप दिलं गेलं.

सहावी पायरी: घ्यायला शिका

देणं सोपं आहे. घेणं अवघड, आणि विशेषतः जे मंडळीत सतत देत आले आहेत त्यांना. मी स्वतः वीस वर्षं इतरांच्या घरी धावत होते, पण माझ्या स्वयंपाकघरात दुसरं कोणी उभं राहिलेलं मला सहन होत नव्हतं. ताईंनी किल्ली मागितली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो घरातल्या पसाऱ्याचा.

पेत्राचंही तेच झालं. येशू त्याचे पाय धुवायला वाकला तेव्हा तो म्हणाला, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. येशूचं उत्तर कडक आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही (योहान १३:८). आणि स्वतः येशू? विहिरीवर शोमरोनी बाईकडे त्यानं पाणी मागितलं. गेथशेमानेत पेत्र, याकोब, योहान यांना सांगितलं की माझा जीव मरणाइतका दुःखी झाला आहे, इथे थांबा आणि जागे राहा. ते झोपी गेले. तरीही तो तीनदा त्यांच्याकडे आला.

गटात याचा सराव लहान गोष्टींपासून करा. महिन्यातून एकदा आम्ही सगळ्यांना सांगतो की प्रत्येकानं एक तरी मदत मागायची, कितीही क्षुल्लक असो. कोणी जड कपाट हलवायला मागितलं, कोणी अर्ज भरून द्यायला, एका आजींनी फक्त नातवाला पत्र लिहून द्यायला. गट चालवणाऱ्यानं सगळ्यांत आधी मागावं. पुढारीच कधी काही मागत नसेल तर बाकीच्यांना कळून चुकतं की इथे मागणं कमीपणाचं आहे.

बिघडतं तेव्हा

भांडणं होतील. मत्तय १८:१५ चा क्रम मोडू नका: आधी एकटं जाऊन त्याच्याशीच बोला, ऐकलं नाही तर एका-दोघांना घेऊन, मगच मंडळी. आपण पहिली पायरी गाळून थेट तिसऱ्या माणसाकडे जातो. आणि सगळं मिटतंच असंही नाही. मार्काला बरोबर घ्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले. वर्षांनंतर तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११).

गटाच्या कुवतीबाहेरच्या गोष्टी ओळखा. कोणी जीव द्यायचं बोलत असेल, महिनोन्महिने झोप-जेवण सुटलं असेल, व्यसन असेल, तर प्रार्थना चालू ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे सोबत जा. घरात मार खाणाऱ्या बाईला वचन सांगून परत पाठवू नका. तिला आधी सुरक्षित जागी पोचवा, कायद्याची मदत मिळवून द्या, समेटाची भाषा नंतर, आणि तीही तिची इच्छा असेल तरच. लहान मुलाच्या बाबतीत काही कळलं तर कागदावरचं पाचवं वाक्य लागू होतं आणि पहिलं रद्द होतं. पाळकांना सांगून थांबू नका, कायद्यानं जिथे कळवायचं तिथे कळवा.

चालवणारा माणूस थकतो, हेही धरून चाला. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याच्याखाली बसायला दगड ठेवला, मग दोन्ही बाजूंनी हात धरले, सूर्य मावळेपर्यंत (निर्गम १७:१२). दगड आधी, म्हणजे विश्रांती आधी. वर्षातून एक महिना गट दुसऱ्यानं चालवावा आणि नेहमीच्यानं नुसतं येऊन बसावं.

गट वाढला की

बारांच्या वर गेलात की दोन गट करा. रडू येतं, पण करा. जुने सगळे एकीकडे आणि नवे दुसरीकडे अशी वाटणी करू नका. दोन्हीकडे वही सांभाळलेलं एक माणूस जाऊ द्या. वही मात्र फाडायची नाही, तिची नक्कल करा. मग दोन्ही गटांनी आपल्या पहिल्याच बैठकीत पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा मोठ्यानं वाचाव्यात आणि ज्या तारखेपुढचं माणूस दुसऱ्या गटात गेलंय तिथे नवं नाव लिहावं. नाव लिहून होईपर्यंत पुढच्या तारखेकडे जाऊ नये.